बेसमेंटमधली बाई

ये गं, इकडे ये. दारात गाडीची किल्ली फिरवत काय उभी राहतेस परक्यासारखी? ठेव ती किल्ली खाली. तो फोनही पालथा ठेव, त्याला काही होत नाही. अ‍ॅशबर्नहून सकाळी निघालीस तर दुपारच्या जेवणाला इथं पोचतेस, आणि तरी मावशीचं तोंड बघायला तुला वर्षानुवर्षं लागतात. वर म्हणायचं, "मावशी, ऑफिसमध्ये फार चालू आहे गं." तुझ्या त्या डेटा सेंटरमध्ये सगळ्या जगाचा डेटा मावतो, मावशीला करायचा एक फोन तेवढा मावत नाही! बरं बाई, रागावत नाही. बस. पाय वर घेऊन बस. अशी जवळ.

आल्या आल्या तू काय विचारलंस? साडीवर हा असला जाडजूड, मेंढरांचा वास येणारा स्वेटर कुठल्या सेलमधून आणला म्हणून. सेलमधला नाही गं. हा बाईनं विणलाय. कोण बाई? आमची बेसमेंटमधली. तुझ्या वैशालीताईनं सांगितलं असेल ना तुला फोनवर, "आईनं एका रायटरची परमनंट नोकरी घालवली" म्हणून? माझ्या लेकीनं सगळ्या गोतावळ्याला तेवढंच सांगितलंय. आता माझ्या तोंडून ऐक, आणि मग तुझं मत दे.

पाच वर्षं झाली त्याला, ती आली तेव्हा ऑगस्टचं ऊन होतं. वैशाली युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये आहे, तिला तिथं कुणीतरी विचारलं, की आइसलँडहून एक लेखिका येतेय, मुलांना लिहायला शिकवणार आहे, तुमचं बेसमेंट रिकामं आहे का. आमचे जावई, प्रशांतराव, म्हणाले, "आइसलँड? तिथं माणसं राहतात?" मग आलं ते माणूस. उंच. साठीच्या घरातली. केस पांढरे आणि आखूड, स्वतःच कात्रीनं कापल्यासारखे एका बाजूला लांब. एका हातात पुस्तकांची बॅग, दुसऱ्या हातात लोकरीचं हे एवढं गाठोडं. कपड्यांची बॅग विमानवाल्यांनी कुठंतरी हरवली होती, पण त्याचं तिला काहीच नव्हतं. "लोकर आली ना," म्हणाली.

मी चहा घेऊन जिना उतरले. माझं इंग्रजी तुला माहीत आहे, टीव्ही बघून आणि लायब्ररीतली मुलांची पुस्तकं वाचून शिकलेलं. समजतं सगळं, बोलायला गेलं की शब्द रांग मोडतात. मी नाव विचारलं. तिनं सांगितलं. मी म्हणून बघितलं, तर जीभ मध्येच कुठंतरी अडकली. ती हसली नाही, हे मला आवडलं. मग आपल्या सवयीनं मी विचारलं, "अँड सरनेम?"

"नाही," ती म्हणाली.

"नाही म्हणजे?"

"आमच्याकडे बहुतेकांना नसतं. बापाचं नाव, आणि पुढे त्याची मुलगी. कधी आईचं. झालं."

"मग माणूस कोण, कुठला, ते कसं कळतं?"

"त्याला भेटून," ती म्हणाली. "बोलायचं जरा वेळ."

सोनल, मी तिथंच जिन्याच्या पायरीवर बसले. कळतंय ना तुला, मी काय म्हणते ते? आपल्या नागपुरात शाळेत, दवाखान्यात, भाड्याची खोली बघायला गेलं तरी पहिला प्रश्न आडनावाचा. आणि ते सांगितलं की समोरच्या चेहऱ्यावर जे एक बारीकसं दार लागतं, ते मी जन्मभर बघत आले. इथं आल्यावरही चुकलं नाही. आपल्याच मराठी लोकांच्या दिवाळीच्या जेवणात कुणीतरी काकू ताट हातात घेऊन गोड हसत विचारतेच, "तुम्ही मूळच्या कुठल्या? म्हणजे आडनावावरून लक्षात येत नाहीये." आणि ही बाई सांगते, तिकडे अख्खा देशच आडनावाशिवाय चालतो. पंतप्रधानालासुद्धा नुसत्या नावानं हाक मारतात. मी म्हटलं, "बाई, तुमच्या देशात जागा आहे का?"

"जागा खूप आहे," ती म्हणाली. "ऊन नाही."

मग तिनं माझं नाव विचारलं. मी म्हटलं, कॉल मी मावशी, एव्हरीबडी कॉल. ती म्हणाली, "ते नातं झालं. नाव?" आता मला सांग, मला नावानं कोण हाक मारतं? तू मावशी म्हणतेस, वैशाली आई म्हणते, इथले सगळे काकू. तुझे काका जाईपर्यंत "अगं" म्हणत राहिले. माझी आई गेली, तेव्हा माझं नाव पासपोर्टवर जाऊन बसलं ते तिथंच राहिलं. आणि ही बाई खालून जिन्यातून माझ्या नावानं ओरडायची! पहिल्यांदा तर माझ्या हातातली वाटी पडली. पुढे पुढे असं वाटायचं, की शाळेतली मैत्रीण पेरू चोरायला बोलावतेय.

तिच्या तऱ्हा सांगाव्यात तेवढ्या थोड्या. डिसेंबरात इथं केवढं बर्फ पडतं. बाई हीटर पूर्ण लावायची आणि खिडक्या सताड उघड्या ठेवायची. प्रशांतराव बिल बघून थयथय नाचले. "आई, ती आख्ख्या पेन्सिल्व्हेनियाला हीटिंग देतेय! तुम्ही सांगा तिला." मी सांगायला गेले, तर म्हणाली, तिच्या देशात गरम पाणी जमिनीतूनच येतं, त्यावर घरं गरम होतात, त्यामुळे कुणी काटकसर करत नाही. घर गरम आणि नाक गार असलं, की घरी आल्यासारखं वाटतं. मी वर येऊन प्रशांतरावांना म्हटलं, "तुम्ही नाही का इथं बादलीत पाणी भरून तांब्यानं अंघोळ करत? शॉवर असून?" त्यांनी बिल घडी करून खिशात घातलं. शेवटी तिनंच मार्ग काढला. हीटर कमी केला, खिडक्या लावल्या, आणि नाक गार करायला मागच्या दाराच्या पायरीवर बर्फात बसून विणायला लागली. शेजारच्या म्हाताऱ्यानं गाडी थांबवून आम्हाला विचारलं, तुम्ही तिला घराबाहेर काढलंय का?

विणणं तर कुठंही चालायचं. वर्गात, बसमध्ये, डिपार्टमेंटच्या मीटिंगमध्ये. तिच्या हेडनं एकदा विचारलं म्हणे, की तुमचं लक्ष आहे ना आमच्याकडे? ती म्हणाली, "विणत असते तेव्हा असतं. सुया खाली ठेवल्या की मी झोपते."

लोक तिला भेटले की हटकून विचारायचे, तुमच्याकडे पऱ्यांवर विश्वास ठेवतात ना? मला विचारतात ना, तुम्ही रोज योगा करता ना, तसंच. आम्ही दोघींनी मग ठरवूनच टाकलं होतं. कुणी तोंड उघडायच्या आत मी सांगायची, "हिला पऱ्या दिसतात," आणि ती सांगायची, "ही डोक्यावर उभी राहते." मग जेवायला मोकळ्या.

कविता मात्र ती बसून लिहायची नाही. चालताना व्हायची तिला. कॅम्पसची बस कोपऱ्यावर सोडते, तिथून घरापर्यंत यायची ओठांवर दोन बोटं दाबून. मांजर पिल्लू तोंडात धरून आणतं ना, तशी ओळ धरून आणायची. त्या वेळी तिच्याशी बोलायचं नाही, हे आम्हाला आधी काय ठाऊक? प्रशांतराव एकदा ड्राइव्हवेमधलं बर्फ काढत होते. म्हणाले, "गुड मॉर्निंग!" ही बाई भूत बघितल्यासारखी थांबली, पाय आपटला आणि आत निघून गेली. प्रशांतराव दिवसभर फुगले. संध्याकाळी ती वर आली आणि म्हणाली, "तू गुड मॉर्निंग म्हणालास आणि माझी ओळ सांडली. पण काळजी करू नको. त्या जागी दुसरी आली, ती बरी आहे. त्यात तू आहेस, फावड्यासकट." तेव्हापासून आमचे जावई तिचे भक्तच झाले. तिची दोन बोटं दिसली, की फावडं तिथंच टाकून गॅरेजमध्ये लपायचे.

आणि मासे! तिच्या घरून पार्सल आलं. उघडलं तर सुकी मासळी. तो वास आला मात्र, मला थेट इतवारीचा बाजार आठवला. वैशाली खालीवर पळत खिडक्या लावत होती. "आई, प्लीज, लोक कंप्लेंट करतील! टाऊनहाउस आहे हे, भिंतीला भिंत!" बाई ती मासळी कच्चीच खायची, वर लोणी लावून, पाव खाल्ल्यासारखी. मी म्हटलं, थांब जरा. गॅरेजमध्ये छोटी शेगडी लावली आणि कांदा, लसूण, भिवापुरी मिरची घालून अशी परतली! बाईच्या डोळ्यांतून, नाकातून पाणी, पण हात थांबेना. म्हणाली, "आम्ही हजार वर्षं हा मासा खातोय आणि आम्हाला कुणी सांगितलंच नाही." वासाच्या भीतीनं कासावीस झालेली माझी लेक शेवटी ताट घेऊन गॅरेजमध्येच येऊन बसली. बाईच्या त्या ज्येष्ठमधाच्या गोळ्या मात्र मला जमल्या नाहीत. काळ्या, खारट, टायर मिठात मुरवल्यासारख्या. तिच्यासमोर गालात धरायची आणि बागेत जाऊन थुंकायची.

आता लिहिण्याचं सांगते, ते खरं महत्त्वाचं.

ती कादंबरी लिहीत होती. तिच्या भाषेत. तिची एक पद्धत होती, ती मी दुसऱ्या कुणाची ऐकलेली नाही. जे लिहून होईल ते मोठ्यानं वाचून दाखवायचं, आणि ज्याला त्यातलं अक्षर कळत नाही अशाच माणसाला दाखवायचं. तिकडे तिच्या गावात बंदरावर कुणी पोलंडचे, कुणी फिलिपाइन्सचे लोक कामाला असतात, त्यांना गाठायची म्हणे. इथं मी सापडले. मी म्हटलं, "बाई, मला काय कळणार?" ती म्हणाली, "ज्याला कळतं तो अर्थामागे धावतो, आणि मी खोटं लिहिलं तरी मला माफ करतो. ज्याला कळत नाही, तो माफ करत नाही."

मी पोळ्या करायची, ती ओट्याजवळच्या स्टुलावर बसून वाचायची. आधी आधी मला हसू यायचं. ती भाषा म्हणजे दगडावरून पाणी वाहावं तशी, मध्येच फुंकर मारल्यासारखी. पण हळूहळू माझ्या लक्षात आलं, की ती कागदाकडे कमी आणि माझ्या लाटण्याकडे जास्त बघतेय. लाटणं अडखळलं, की ती पेन्सिलीनं खूण करायची. एकदा म्हणाली, "इथं तुझी पोळी जाड झाली. तीन ओळी जास्त आहेत माझ्या." खरंच काढून टाकल्या. मग परत वाचलं आणि पोळी पातळ झाली! मी म्हटलं, अगं, कणीक मऊ होती आता. ती म्हणाली, "असेल. पण ओळी गेल्या ते बरं झालं." प्रशांतराव जेवताना पोळी उचलून उजेडात धरायचे आणि विचारायचे, "काय आई, आज बाईंचं चॅप्टर जरा वाकडं गेलं वाटतं?"

एक दिवस ती वाचत होती आणि मला काय झालं कुणास ठाऊक. आवाज काही चढला नव्हता, उलट साधा झाला होता, बाजाराची यादी वाचावी तसा. माझं लाटणं थांबलं. तव्यावरची पोळी काळी झाली, स्मोक अलार्म ओरडायला लागला, तेव्हा भानावर आले. टॉवेलनं धूर घालवता घालवता मी विचारलं, "कोण गेलं?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "सांगू?"

मी म्हटलं, "नको. पुस्तक होऊ दे."

इथवर सगळं छान चाललं होतं. मग फेब्रुवारीत न्यूयॉर्कहून तिच्या एजंटचा फोन आला. एजंट म्हणजे पुस्तकांचा दलाल समज. तो म्हणाला, थेट इंग्रजीत लिही, इथल्या वाचकांसाठी, मोठा प्रकाशक तयार आहे. आणि त्याच सुमारास तिच्या हेडनं सांगितलं, की एक कायमची जागा निघतेय, इंग्रजीत लिहिणारी असशील तर तुझंच नाव आहे. बाईनं ती अर्धी कादंबरी बाजूला ठेवली आणि इंग्रजीत नवी सुरू केली. या गावासारख्याच गावात येऊन राहिलेल्या परदेशी बाईची.

आमच्या घरात आनंदीआनंद. प्रशांतराव जेवताना म्हणाले, "करेक्ट डिसिजन. नाहीतर स्कोप काय होता? आमच्या नागपूरच्या अर्ध्या वस्तीएवढीसुद्धा माणसं नाहीत तुमच्या देशात. वाचणार कोण?"

बाईनं शांतपणे विचारलं, "तुमच्या भाषेत किती माणसं आहेत?"

"मराठीत? करोडो!" छाती फुगवून.

"मग तू शेवटचं कुठलं पुस्तक वाचलंस तुझ्या भाषेतलं?"

प्रशांतराव पापड मोडायला लागले. वैशाली हसून लोटपोट. "सांग ना, सांग! ते कुकरबरोबर फ्री मिळालेलं?"

तिथं हसलो सगळे. पण भांडी विसळताना बाई मला हळूच म्हणाली, "तो बरोबर बोलतो. मी साठीची झाले. घरी गेले तर वॉशिंग मशीनची माहितीपत्रकं भाषांतर करत बसावं लागतं पोटासाठी. इथं नोकरी आहे. ऊन आहे. तू आहेस."

मी ताट पुसत राहिले. पण खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं. या गावात माझ्या वयाचं कोण आहे गं? वैशाली, प्रशांतराव सकाळी जातात ते अंधार पडल्यावर येतात. दिवसभर घरात फ्रिजचा आवाज. आता ही बाई इथंच राहणार, जिन्यातून माझं नाव ओरडणार, म्हातारपणी दोघी गॅरेजमध्ये मासे परतणार, असं माझ्या मनानं ठरवूनसुद्धा टाकलं होतं.

एप्रिलमधला रविवार होता. वैशाली आणि प्रशांतराव जयंतीच्या कार्यक्रमाच्या तयारीला गेले होते. दुसऱ्या दिवशी बाईला हेडला उत्तर द्यायचं होतं. ती वर आली, हातात इंग्रजीतलं पहिलं प्रकरण. म्हणाली, "आज तुला सगळं कळेल. तरी ऐक."

मी कणीक घेतली. तिनं वाचायला सुरुवात केली. आणि खरंच, सगळं कळलं. बर्फ कळलं, बसस्टॉप कळला, त्या बाईला घर आठवतं ते कळलं. लाटणं आपलं चाललं होतं, कुठं थांबायचं नाव नाही. प्रकरण संपलं तेव्हा डब्यात पोळ्यांची चळत उभी होती. गोल, एकसारख्या, कुठं जाड नाही, कुठं चिरलेली नाही. दुकानातून आणल्यासारख्या.

तिनं कागद ओट्यावर ठेवले आणि पोळ्यांकडे बघितलं. मीही बघितलं.

"सुंदर झाल्यात," ती म्हणाली.

"हो ना," मी म्हटलं.

मग ती म्हणाली, "मला तुझ्या तोंडून ऐकायचंय. पोळ्या काय, पिठावर असतात."

सोनल, त्या वेळी नुसतं "व्हेरी नाईस" म्हटलं असतं तरी पुरलं असतं गं. ती राहिली असती. मी गॅस बंद केला. म्हटलं, "बाई, इंग्रजी फार छान आहे तुझं. पण तू त्यात सोफ्याच्या कडेला बसलीयेस, पर्स मांडीवर घेऊन. सगळ्यांना थँक्यू म्हणतेयस. त्या दुसऱ्या पुस्तकात तू शिव्या देतेस, नाक शिंकरतेस, पाय पसरून बसतेस. मला त्यातलं अक्षर कळत नाही, पण ते कळतं."

"मग मला इथं राहता येणार नाही," ती म्हणाली.

"ते माझ्याही लक्षात आलंय."

"तरी सांगितलंस?"

"तू विचारलंस."

तिनं कागद गोळा केले, जिना उतरली आणि दार लावून घेतलं. एरवी एक पोळी गुंडाळून तोंडात घालून जायची. त्या दिवशी हात लावला नाही.

मग काही दिवस ती वर आलीच नाही. सोमवारी तिनं हेडला नाही म्हणून कळवलं, हे मला वैशालीकडून समजलं. आणि वैशालीचा पारा! "आई, तू काय बोललीस तिला? परमनंट पोझिशन होती ती! लोक आयुष्य घालवतात त्यासाठी. सातवी शिकलेली तू, तुला काय कळतं लिटरेचरमधलं? पोळ्यांवरून ठरवलंस?" बोलून गेली आणि मग जीभ चावली बिचारीनं. मी म्हटलं, "चूक नाही तुझं काही." खरंच चूक नव्हतं तिचं. मी विहारातल्या कपाटातली पुस्तकं वाचून वाचून शहाणी झालेली बाई. एका लेखिकेचं उरलेलं आयुष्य मी लाटण्यावर तोलून मोकळी झाले. माझ्या हाताला जे वाटलं, ते खरंच त्या कागदात होतं, की मला नुसता तिच्या आवाजाचा लळा लागला होता? हे कोण सांगणार?

एके सकाळी जिन्यातून माझं नाव ऐकू आलं. ती ओट्याजवळ येऊन बसली, हातात जुना गठ्ठा. म्हणाली, "मी तुझ्यावर रागावले होते. अजून आहे थोडी. मेमध्ये जाते. तोवर उरलेलं ऐक." आणि काहीच न झाल्यासारखं वाचायला लागली. त्या महिन्यात आमच्या घरी एक पोळी धड झाली नाही. प्रशांतरावांनी भात मागून घेतला.

ती निघाली तेव्हा आपण रडतो-बिडतो तसलं काही झालं नाही. तिनं हा स्वेटर माझ्या अंगावर चढवला, मेच्या उकाड्यात, बाह्या ओढून बघितल्या आणि म्हणाली, "बरोबर बसला." मी डब्यात मासळी दिली. प्रशांतरावांनी तिच्यासाठी गाडीच्या खिडक्या उघड्या ठेवल्या आणि हीटर लावला. खरंच लावला! घामानं निथळत विमानतळावर सोडून आले.

आता ती फोन करते. घर लहान आहे, म्हणते. पगार नाही. वॉशिंग मशीनची माहितीपत्रकं आलीच वाट्याला. मी एकदा धीर करून विचारलं, "पस्तावतेस का गं?" ती म्हणाली, "रोज. जेवायच्या आधी. जेवून झालं, की लिहायला बसते."

पुस्तक छापून आलं तिकडे. त्यांच्याकडे नाताळात सगळे एकमेकांना पुस्तकंच देतात, त्या गर्दीत आलं. आणि काय झालं ठाऊक आहे? ही बसमध्ये चढली, तर ड्रायव्हर बस सुरूच करेना. वळून म्हणाला, "तुम्ही शेवट असा का केलात? माझी बायको दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीये, जसं काही मीच लिहिलंय." मग मागच्या सीटवरची एक आजीबाई ओरडली, शेवट बरोबरच आहे, तू गाडी चालव. अख्ख्या बसमध्ये भांडण! बाई सांगताना हसत होती, आणि मध्येच हसायची थांबली. म्हणाली, "तो शेवट काय आहे ते..." मी घाईघाईनं म्हटलं, "नको, सांगू नकोस!"

कारण मला अजून माहीत नाही, सोनल. पूर्ण पुस्तक माझ्या ओट्यावर वाचलं गेलंय आणि त्यात काय आहे याचा मला पत्ता नाही. आता तिच्या इथल्या एका विद्यार्थिनीनं त्याचं इंग्रजी केलंय. तीन वर्षं खपून केलं म्हणे त्या पोरीनं, ती भाषा शिकून. ऑक्टोबरमध्ये युनिव्हर्सिटीनं बाईला बोलावलंय, मोठ्या हॉलमध्ये वाचन आहे. बाई एक पान तिच्या भाषेत वाचणार, आणि ती मुलगी इंग्रजीत. बेसमेंट मी झाडून ठेवलंय. वैशालीनं लॅबमधल्या सगळ्यांना सांगितलंय, प्रशांतरावांनी पहिल्या रांगेत जागा धरून ठेवणार म्हणून जाहीर केलंय. सगळे खूश आहेत. आणि मी त्या तारखेकडे बघायचंही टाळते.

हसू नकोस. तू विचार कर. ती मुलगी उभी राहून वाचायला लागेल आणि मला पहिल्यांदा शब्द कळतील. जे ऐकून मी त्या बाईला ऊन, नोकरी, सगळं सोडून परत पाठवलं, ते त्यात असलं तर असलं. आणि नसलं तर? तिथं, सगळ्यांच्या समोर, ती स्टेजवरून माझ्याकडेच बघत असणार. वैशाली शेजारी बसली तर माझा चेहरा बघून काळजी करेल, प्रशांतराव काहीतरी विनोद करतील. मला शेजारी असं माणूस हवंय, जे नुसता हात धरेल आणि काही बोलणार नाही. तू लहानपणापासून तशी आहेस. दवाखान्यात तुझे काका होते तेव्हासुद्धा तूच अशी बसली होतीस.

म्हणून आज एवढं सांगितलं. बघू, ते ऑफिसचं कॅलेंडर उघड इथं, माझ्यासमोर. ऑक्टोबरमध्ये काय आहे? मीटिंग? ती कॅन्सल कर. त्यांना सांग, मावशीला बरं नाही. खोटं नाहीच ते. आणि कार्यक्रमाच्या दिवशी घाईघाईत येऊ नकोस, दोन दिवस आधीच ये. येशील ना गं?